नव्या गाड्या इतक्या चांगल्या असताना क्लासिक गाडी बाळगण्यात खरंच काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की नवी गाडी घेण्याइतके पैसे हाताशी आहेत, पण मन साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीकडे ओढ घेतंय. घरचे आणि मित्र याला वेड म्हणतात. तर यात खरंच काही आहे, की नुसता जुन्याचा सोस? आणि घ्यायचीच झाली तर काय बघून घ्यावी?

आहे, भरपूर आहे. माझ्याकडे साठच्या दशकातली फोक्सवॅगन बीटल आहे. ती माझ्या जन्माआधीची. आमच्या घरात कुणाकडे बीटल नव्हती, लहानपणी तिच्यात बसल्याची एकही आठवण मला नाही. त्यामुळे माझ्या बाबतीत तरी जुन्या आठवणींचा मुद्दा निकालात निघतो. मला ती आवडते याचं कारण एकच: ती मला पूर्ण कळते. तिचं इंजिन मागे असतं. मागचं झाकण उघडलं की कुठली वस्तू कशाला फिरवते, कशामुळे काय घडतं, हे समोर दिसतं. आणि जी वस्तू अशी कळते ती जितकी आपली वाटते, तितकी नुसती पैसे मोजून आणलेली कधीच वाटत नाही.

उदाहरण देतो. बीटलच्या डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा असतो. गाडी पळत असताना तो लागला, तर बॅटरी चार्ज होत नाही एवढाच अर्थ कुणीही काढेल. पण बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं. त्यात ना पाणी, ना रेडिएटर. सिलिंडरवर हवा फेकणारा पंखा डायनॅमोच्याच, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्याच, शाफ्टवर बसवलेला असतो आणि दोघांनाही एकच पट्टा फिरवतो. पट्टा तुटला की चार्जिंग गेलं आणि इंजिनाचा गारवाही गेला. म्हणून तो दिवा लागला की ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ या’ असं म्हणायचं नसतं, लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी तो एक दिवा खूप काही सांगतो.

नवा पट्टा घालायला एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. डायनॅमोची पुली दोन भागांची असते. स्क्रू ड्रायव्हर तिच्या खाचेत अडकवून पुली धरायची, पान्याने नट काढायचा. दोन भागांच्या मधे पातळ चकत्या असतात. त्यातली एखादी काढली की भाग जवळ येतात आणि पट्टा खाचेत वर चढून ताठ होतो, चकती वाढवली की सैल पडतो. मधून काढलेली चकती फेकायची नाही, ती नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवायची. पुढच्या खेपेला ती जागेवरच सापडते. ज्या इंजिनिअरने हे असं ठेवलं त्याने रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा विचार केला होता. इतक्या वर्षांनी तो विचार माझ्या हाताला लागतो, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

आणखी एक गंमत. त्या काळातल्या बऱ्याच बीटलमध्ये समोरच्या काचेवर पाणी मारायला पंप नसतो. स्टेपनीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाने पाणी उडतं. स्टेपनी पूर्ण बसू नये म्हणून मधे झडप ठेवलेली आहे. मोटर नाही, वायर नाही, बिघडायला जवळपास काहीच नाही.

प्रत्येक गाडीला अशी स्वतःची बुद्धी असायची. १९५९ ची मिनी घ्या. ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली ऑइल सम्पमध्येच, म्हणजे इंजिन ऑइलच्या टाकीतच, घातला, स्प्रिंगांच्या जागी रबराचे शंकू वापरले आणि जेमतेम तीन मीटर लांबीत चार माणसांची जागा काढली. त्याआधी चार वर्षं, १९५५ मध्ये, सिट्रोएनने डीएस आणली. तिच्यात पोलादी स्प्रिंगांऐवजी तेल आणि वायूच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन होतं. इंजिन चालू केलं की गाडी आपणहून वर उठायची. बीटल, मिनी, डीएस शेजारी-शेजारी उभ्या करा. तिघींचं काम एकच, माणसं इकडून तिकडे न्यायची. पण एकीचं उत्तर दुसरीला लागू पडत नाही. आज अपघात-चाचण्यांचे नियम, वाऱ्याच्या विरोधाची गणितं आणि एकाच सांगाड्यावर पाच मॉडेलं काढण्याची पद्धत यांमुळे सगळे एकाच उत्तराकडे सरकलेत. ते उत्तर चांगलं आहे, यात वादच नाही. पण मला ती वेगवेगळी डोकी बघायला आवडतात.

माझं सगळ्यात आवडतं काम टॅपेट सेट करण्याचं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे स्क्रू यांच्यातली बारीक फट नेमकी ठेवण्याचं. साधारण दर पाच हजार किलोमीटरला ते करावं लागतं आणि इंजिन पूर्ण थंड असावं लागतं, म्हणून मी ते पहाटे करतो. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाची, टोपी काढायची, खालच्या पुलीवरची खूण इंजिनाच्या जोडरेषेवर आणायची, त्यातला फिरणारा रोटर पहिल्या सिलिंडरच्या खाचेकडे बघतोय याची खात्री करायची. बाजूचं झाकण एका तारेच्या क्लिपवर असतं, ती स्क्रू ड्रायव्हरने खाली दाबली की झाकण हातात. मग ०.१५ मिलिमीटरचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, व्हॉल्व्ह आणि स्क्रूच्या मधे सरकवायचं. ते सरकायला तर हवं, पण सरकताना किंचित अडायलाही हवं. ते अडणं पुस्तकात नेमकं लिहिता येत नाही, ते बोटांना शिकावं लागतं. लॉकनट आवळताना फट बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा गेज घालून बघायचं.

एक सिलिंडर झाला की पुली अर्धा फेरा उलटी फिरवायची. का उलटी? या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-४-३-२ आहे. उलटं फिरवलं की ती १-२-३-४ होते, सिलिंडर ओळीने येतात आणि गोंधळ होत नाही. चारही झाले, झाकणं बसली, चावी फिरवली की इंजिनाचा आवाज बदललेला असतो. तो फरक मी केलेला असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, ते तेलाच्या दाबाने स्वतःच फट सांभाळतात. इंजिनिअरिंग म्हणून ते सरस आहे. पण मग मला करायला काही उरत नाही, आणि माझ्या दृष्टीने गाडी बाळगण्यातला निम्मा आनंद तिथेच जातो.

चालवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते एकदा चालवून बघाच. एवढंच सांगतो की ८०० किलोच्या आसपास वजन आणि चाळीसएक अश्वशक्ती असली की साठच्या वेगातही गाडी आपण चालवतोय असं वाटतं. चढ दिसला की आधीच खालचा गिअर टाकायचा, ड्रम ब्रेक लांबच्या उतारावर तापून कमजोर पडतात म्हणून इंजिनावर वेग रोखायचा, पुढचा धोका दोन वळणं आधी ओळखायचा. माझं नव्या गाडीतलं ड्रायव्हिंगही या सवयींनी सुधारलं.

आता तुमच्या घरच्यांची बाजू, कारण ती खोटी नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत जुनी गाडी नव्या गाडीच्या जवळपासही येत नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ ची शेव्हर्ले मालिबू ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने समोरासमोर धडकवल्या. मालिबूचा चालक पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावला असता. बेल एअरचा चालक वाचला नसता. ‘जुना जाड पत्रा मजबूत असतो’ हा समज त्या एका चाचणीने मोडला. कारण मुद्दा पत्र्याच्या जाडीचा नाही. पुढचा भाग चुरगळून धक्का शोषतो का आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो का, हा आहे. धुराचंही तसंच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) नसलेली, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या साध्या यंत्राची) गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण ओकते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या जाण्या-येण्याला, मुलांना घेऊन हायवेवर जायला नवी गाडी. क्लासिक तिच्या जोडीला. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जो जागतिक महासंघ आहे, फिवा, त्याच्या व्याख्येतही हेच आहे. गाडी किमान ३० वर्षं जुनी, मूळ रूपात जपलेली, आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरली जाणारी. एकीचेच पैसे असतील, तर आधी एखादी साधी, वापरलेली पण आधुनिक गाडी घ्या आणि उरलेल्यात क्लासिक बसवा.

पण टिकण्याचा विषय निघाला की मी जुन्या गाडीच्या बाजूने ठाम उभा राहतो. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी नेटवर्क बंद झालं, तेव्हा चांगल्या चालत्या असलेल्या अनेक गाड्यांमधली अपघातानंतर आपोआप फोन लावणारी सोय बंद पडली. गाडीत बिघाड काहीच नव्हता, ती ज्याच्यावर अवलंबून होती तेच गेलं. कार्बोरेटर कुणावर अवलंबून नसतो. पेट्रोल, हवा आणि ठिणगी मिळाली की झालं. ठिणगी पाडणारे पॉइंट घासले तर नवे बसवता येतात, ड्रम झिजला तर लेथवर फिरवून घेता येतो, आणि एखादा भाग मिळालाच नाही तर चांगला टर्नर तो करून देतो. बंद पडलेली सर्किटची चिप असं कोण करून देणार? अमेरिकेतले अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ ची व्होल्वो पी१८०० २०१३ मध्ये तीस लाख मैलांपार नेली. म्हणजे ४८ लाख किलोमीटर, एकच मालक, एकच गाडी. त्यांची देखभाल शिस्तीची होती हे खरं, पण देखभाल करता येईल अशी ती गाडी होती हेही तितकंच खरं.

आता काय बघून घ्यायची ते. पहिली गाडी म्हणून दुर्मीळ मॉडेलच्या मागे लागू नका. जी लाखोंनी बनली तीच घ्या, कारण तिचे पार्ट मिळतात, तिच्याबद्दल लिहिलेलं सापडतं आणि ती उघडलेली माणसं भेटतात. बीटल २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या, शेवटची मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे जुलै २००३ मध्ये. मिनी, मॉरिस मायनर, एमजीबी, मर्सिडीजची डब्ल्यू १२३ याही पहिल्या गाडीसाठी चांगल्या.

इंजिनापेक्षा पत्रा बघा. इंजिन उतरवून बांधता येतं. बीटलचं तर चार बोल्ट आणि थोड्या जोडण्या सोडल्या की खाली येतं. पण सडलेली चेसी वेल्डिंग करून सरळ उभी करणं हे महिनोनमहिने चालणारं काम आहे. खिशात छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून न्या. चाकांच्या कमानी, दारांचा खालचा भाग, उंबरठे इथे हलकेच लावा. चिकटत नसेल तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. बीटलची मागची सीट उचलून बॅटरीखालची जागा बघाच, तिथलं ॲसिड फरशीचा पत्रा खातं. चकाचक नवा रंग आणि खाली काळ्या डांबराचा ताजा थर, हे एकत्र दिसलं की मी दुप्पट वेळ वाकून बघतो. रंग उडालेली पण आतून कोरडी गाडी त्यापेक्षा कधीही बरी.

गाडी घरी आली की पहिल्या दिवशी पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला, दिसायला चांगले असले तरीही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आतून खराब करतं. बीटलमध्ये तो पाइप इंजिनाच्या अगदी वर असतो, तो सुटला तर आग लागते. अग्निशामक सिलिंडर हाताला येईल असा ठेवा. मग ब्रेकचे होज आणि ब्रेक ऑइल. बाकी सगळं निवांत करता येतं.

आणि बघायला जाण्याआधी मालकाला सांगा की इंजिन थंड ठेवा, आम्ही आल्यावरच सुरू करू. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवून बघा. थंड इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं, किती धूर टाकतं, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) आत ढकलल्यावर एका लयीत चालतं का, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं. हाताला गरम लागलं तर व्यवहाराचं बोलू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.