ख्रिस्ताचं बलिदान म्हणजे नवसाचा बोकडच ना? माफ करायला देवाला रक्त कशाला लागतं?

तुमचा प्रश्न असा: परभणीकडचे तुम्ही, मित्राबरोबर उत्तम शुक्रवारच्या उपासनेला दुपारी बारा ते तीन बसलात, क्रुसावरच्या सात वचनांवर सात जणांचं बोलणं ऐकलंत, आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यात रक्त होतं. घरी येताना वाटलं, आमच्या गावच्या कंदुरीत बोकड पडतो ते आणि हे, फरक काय? देवाला माफ करायचंच असेल तर तो नुसतं माफ का करत नाही? शिवाय मित्र प्रभुभोजनाला (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) बोलावतोय, तर जावं का, हेही विचारलंय.

फरक आहे, आणि तो दिशेचा आहे. नवसात माणूस देतो, देव घेतो. "पोराचं लग्न जमू दे, बोकड देतो" हा ठराव आहे, आधी काम आणि मग दाम. बायबलात लेवीय (बलींच्या आणि याजकांच्या नियमांचं पुस्तक) 17:11 उघडा. तिथं देव म्हणतो की जीव रक्तात असतो आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी मी तुम्हाला दिलं आहे. देणारा तो आहे. हे एक वाक्य सुटलं की पुढचं सगळं उलटं वाचलं जातं. तुम्ही ऐकलेल्या सातांपैकी निदान दोघातिघांनी ते उलटंच सांगितलं असणार, कारण आपल्याकडे वर्षानुवर्षं तसंच सांगतात.

कंदुरीला मी नावं ठेवत नाही. उलट तिच्यासारखी गोष्ट बायबलात आहे, फक्त लोक ती चुकीच्या खणात शोधतात. लेवीय 7 मध्ये शांत्यर्पण येतं. त्यातलं नवसाचं अर्पण असेल तर मांस अर्पण करणाऱ्यानं घरच्यांना घेऊन त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खायचं, तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळायचं. गावजेवणच ते. पण शांत्यर्पण वेगळं आणि पापबली, म्हणजे पापासाठीचा बळी, वेगळा. प्रायश्चित्ताच्या दिवशीच्या पापबलीतला एक घासही कुणाच्या तोंडी जात नाही. ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ लावताना इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात डोळ्यांसमोर आहे तो हाच दिवस. म्हणून तो नीट बघा, घाई करू नका.

लेवीय 16. सातव्या महिन्याचा दहावा दिवस, वर्षातून एकदाच. मुख्य याजक (पुरोहित) आधी अंघोळ करतो. मग रत्नजडित ऊरपट वगैरे बाजूला ठेवून साधी तागाची वस्त्रं घालतो: अंगरखा, चोळणा, कमरबंद, डोक्याला फेटा. स्वतःच्या आणि स्वतःच्या घराण्याच्या पापासाठी एक गोऱ्हा, होमबलीसाठी एक मेंढा. लोकांकडून दोन बकरे आणि एक मेंढा. दोन्ही बकरे दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या निवासाच्या तंबूच्या, दाराशी उभे करून चिठ्ठ्या टाकायच्या, एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी (हा जिवंत ठेवायचा).

आधी गोऱ्हा कापायचा, कारण याजक स्वतःच पापी आहे. मग वेदीवरच्या निखाऱ्यांनी भरलेलं धुपाटणं आणि दोन ओंजळी बारीक कुटलेला धूप घेऊन पडद्याच्या आत जायचं. धूप निखाऱ्यावर टाकल्यावर जो धूर होतो त्यानं दयासन झाकलं गेलं पाहिजे, नाहीतर याजक मरेल असं स्पष्ट लिहिलंय. दयासन म्हणजे कराराच्या कोशाचं (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीचं) शुद्ध सोन्याचं झाकण, अडीच हात लांब, दीड हात रुंद. हात 45 सेंमीचा धरला तर साधारण 112 बाय 67. एवढ्याशा जागेसमोर याजक बोटानं रक्त शिंपडतो, एकदा दयासनावर पूर्वेच्या बाजूला आणि मग त्याच्या पुढं सात वेळा. पुन्हा बाहेर येऊन परमेश्वराच्या चिठ्ठीचा बकरा कापायचा आणि त्याच्या रक्तानं तेच सगळं करायचं. मग दोघांचं रक्त वेदीच्या शिंगांना लावायचं, वेदीवर सात वेळा शिंपडायचं.

आता बघा रक्त कुठं कुठं लागलं. झाकणाला, जमिनीकडे, वेदीच्या शिंगांना. देवाच्या तोंडात कुणी ते ओतलेलं नाही. लोकांच्या पापानं देवाचं घर विटाळलं म्हणून ते घर धुवायचं आणि त्याला लोकांमध्ये राहता यावं, असा त्या अध्यायाचा सरळ अर्थ आहे. रक्त इथं धुणारं आहे, तहान भागवणारं नाही.

सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं ते इथून पुढं. याजक दोन्ही हात ठेवून इस्राएलाची सगळी पापं कबूल करतो ते कुठल्या बकऱ्याच्या डोक्यावर? जिवंत ठेवलेल्या दुसऱ्या बकऱ्याच्या. आणि तो कापला जात नाही. नेमलेल्या माणसाच्या हाती त्याला रानात सोडून देतात. ज्याच्यावर पापं लादली तो मेला नाही आणि जो मेला त्याच्यावर पापं लादली नाहीत. (नंतरच्या काळात यरुशलेमातून रानात नेऊन त्याला कड्यावरून ढकलत असत, तसं मिश्ना या यहुदी नियमग्रंथात आहे, पण लेवीयात ते नाही.) गोऱ्हा आणि बकरा यांची चरबी वेदीवर, कातडी, मांस आणि शेण छावणीबाहेर नेऊन जाळायचं, जाळणाऱ्यानं कपडे धुऊन अंघोळ करूनच परत यायचं. इब्री 13 मध्ये येशूनं वेशीबाहेर दुःख सोसलं असं म्हटलंय ते हे धरून.

म्हणून "पाप जनावरावर टाकलं आणि देवानं राग त्याच्यावर काढला" हे जे दर उत्तम शुक्रवारी कानावर पडतं ते लेवीय 16 मध्ये कुठंच नाही. माझा जुना वाद आहे तो रेल्वेच्या पुलाच्या दाखल्याशी. तुम्हीही ऐकला असेल: बाप पूल वरखाली करणारा, पोरगं यंत्रात अडकलेलं, समोरून भरलेली गाडी, आणि बाप गाडी वाचवण्यासाठी पोराला चिरडू देतो. ऐकताना बायाबापड्या रडतात, पण हा दाखला खोटा आहे. त्यातल्या पोराला काही माहीत नाही, त्याला कुणी विचारलेलं नाही. योहान 10:18 मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण कुणी माझ्याकडून घेत नाही, मी होऊन तो देतो. 2 करिंथ 5:19 म्हणतं की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. ख्रिस्तामध्ये देव. ख्रिस्ताच्या विरुद्ध उभा राहून नव्हे. रागावलेला बाप एका बाजूला आणि बिचारा मुलगा दुसऱ्या बाजूला असं चित्र रंगवलं की त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) तिथंच मोडतं, आणि ऐकणाऱ्याला बोकडच आठवणार. तुम्हाला तो आठवला यात तुमची चूक नाही.

येशूच्या मरणाच्या वेळी मंदिराचा पडदा फाटला, तो मार्कनं कसा लिहिलाय बघा: वरपासून खालपर्यंत. इथंही दिशा तीच.

दुसरा घोळ शब्दाचा. प्रायश्चित्त हा शब्द मराठी बायबलात हिंदू धर्मशास्त्राच्या घरून आला. तिथं प्रायश्चित्त पाप करणारा स्वतः घेतो: उपवास, दान, पंचगव्य, तीर्थ. बायबलात ते देवानं दिलेल्या वाटेनं होतं आणि शेवटी देव स्वतः ते पुरं करतो. शब्द एक, पण कर्ता बदलला. मराठवाड्याला हे जवळून कळायला हवं, कारण जालन्यात मिशनचं काम उभं करणारे आणि जवळच बेथेल गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री ज्या घरातले, त्या एकाच घरात या शब्दाचे दोन्ही अर्थ भिडले. 1843 मध्ये मुंबईत नारायण यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्याला कोर्टानं वडिलांच्या हवाली केलं. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका भावानं आपल्यासाठी ख्रिस्तानं पुरं केलेलं प्रायश्चित्त कवटाळलं, दुसऱ्याला ते स्वतः घ्यावं लागलं.

तसाच दुसरा अवघड शब्द खंडणी. मार्क 10:45 मध्ये मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला असं आहे. आज आपल्याकडे खंडणी म्हटलं की पोलीस ठाणं आणि धमकीचा फोन डोळ्यांसमोर येतो. मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजलेल्या किमतीचा आहे. "सोडवणुकीची किंमत" असं वाचा, अडखळणार नाही. ती किंमत कुणाला दिली? चौथ्या शतकात नीसाचे बिशप ग्रेगरी म्हणाले, सैतानाला. त्यांचेच मित्र नाझियांझसचे ग्रेगरी यांनी ते साफ नाकारलं. 1098 मध्ये आर्चबिशप आन्सेल्मनं ग्रंथ पुरा केला, त्यात देवाच्या मानाची भरपाई हा मुद्दा आणला. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विननं कोर्ट आणि शिक्षेची भाषा घट्ट केली. आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्यांत जे ऐकू येतं ते या शेवटच्याचंच पातळ रूप. यातली एकच उपपत्ती खरी असं प्राचीन विश्वमंडळीच्या कुठल्याही महासभेनं ठरवलेलं नाही. विश्वासांगीकारात (मंडळी म्हणते त्या श्रद्धेच्या कबुलीत) एवढंच आहे की आम्हा मानवांकरिता आणि आमच्या तारणाकरिता तो उतरला.

आता तुमचा खरा प्रश्न, नुसतं माफ का नाही. आधी एक सांगतो: रक्ताशिवाय माफी नाहीच, असं लेवीयही सरसकट म्हणत नाही. लेवीय 5:11 मध्ये ज्याला दोन पारवेसुद्धा परवडत नाहीत त्यानं एक दशमांश एफा सपीट आणायचं, म्हणजे दोन लिटरच्या डब्यात मावेल त्याहून किंचित जास्त. त्यात तेल नाही, धूप नाही. एवढ्यावर त्याला क्षमा. इब्री 9:22 मध्येही "बहुतेक" हा शब्द आहे, तो प्रवचनात गिळू नये.

पण माफी फुकट पडत नाही, कुणीतरी ती सोसतो. तुमचा दोन लाखांचा हातउसना कुणी बुडवला आणि तुम्ही "जाऊ दे" म्हणालात, तर ते दोन लाख हवेत विरले नाहीत, तुम्ही भरले. क्रुसावर हेच झालं. ज्याचं बुडालं त्यानंच बुडवणाऱ्याचं भरलं. देव बाहेरच्या तिसऱ्याकडून वसूल करत नाही.

आणि म्हणूनच मला त्या भावांचा राग येतो जे म्हणतात, येशूनं सगळं भरलं, आता आपलं काही देणं नाही. लेवीय 6:1–7 काढा. शेजाऱ्याचं लुबाडलं, ठेव दाबली, खोटी शपथ घेतली, तर आधी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा ज्याचं त्याला द्यायचा आणि मग दोषबलीचा मेंढा. हिशेब आपल्या भाषेत करू. भावाचा बांध कोरला, 300 फूट लांब आणि 2 फूट आत. 600 चौरस फूट झाले, अर्ध्या गुंठ्याहून जास्त. पाचवा हिस्सा 120. म्हणजे 720 चौरस फूट सोडायचे आणि मग वेदीपाशी यायचं. येशूनं मत्तय 5 मध्ये हे ढिलं केलं नाही, आणखी आवळलं: दान वेदीपुढंच ठेव, आधी भावाशी समेट कर. जकातदार जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं. परतफेडीनं तारण विकत मिळत नाही, पण तारण मिळालेला माणूस सातबाऱ्यावर भावाचं नाव लावायला टाळाटाळ करत असेल तर त्यानं साक्ष द्यायला पुढं येऊ नये.

एक भर घालायलाच हवी, नाहीतर मी एकतर्फी बोललो असं होईल. शिक्षेचा धागा बायबलात नाहीच असं मी म्हणत नाही. यशया 53 मध्ये तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला असं आहे, गलती 3:13 मध्ये तो आमच्याबद्दल शाप झाला असं आहे. तो धागा ठेवा, फक्त त्याचाच दोरखंड करू नका. दुसरं, वल्हांडणाचा कोकरा आणि पापबली एक नाहीत. कोकऱ्याचं रक्त दाराच्या चौकटीला लागलं ते गुलामीतून सुटायच्या रात्री, आणि तो भाजून खाल्ला गेला. योहान वल्हांडणाचं चित्र घेतो, इब्रीकार प्रायश्चित्ताच्या दिवसाचं. एकात एक मिसळलं की काहीच धड कळत नाही.

वाचायचं असेल तर लेवीय 16 आणि लगेच इब्री 9 आणि 10, एका बैठकीत. इब्री 10:11–12 पाशी थांबा. तिथं याजक रोज उभा राहून तेच तेच बली अर्पण करतो आणि ख्रिस्त मात्र एकदाच अर्पण करून बसला. मंडपातलं सामान मोजा: होमवेदी, गंगाळ, मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, कोश. बसायला काही नाही. दयासनाच्या नावात आसन आहे, पण माणसानं बसायचं ते नाही. याजकाचं काम कधी संपतच नव्हतं.

प्रभुभोजनाचं म्हणाल तर बाप्तिस्मा झालेला नसेल तर घेऊ नका. बाकावर बसून राहिलात तर कुणाचा अपमान होत नाही, मित्राला आधी सांगून ठेवा म्हणजे तो खुणावणार नाही. काही मंडळ्यांत पाळकापुढं जाऊन हात छातीशी धरून उभं राहिलं तर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, पण ते आधी विचारून घ्या.