स्क्रूबॉल म्हणजे फार्स नव्हे

'स्क्रूबॉल कॉमेडी'तला स्क्रू हा आपल्या 'स्क्रू ढिला'मधलाच का, आणि १९३०-४० च्या या प्रकारच्या अमेरिकी प्रेमविनोदी चित्रपटांवर मराठीत लिहिताना सरळ 'फार्स' म्हटलं तर चालेल का, असे दोन प्रश्न आले आहेत.

पहिल्याचं उत्तर 'काही अंशी' असं द्यावं लागेल. डोक्याचा स्क्रू ढिला असणं इंग्रजीतही जुनंच, आणि वेडसर या अर्थी 'स्क्रूई' हे विशेषणही तिथे आधीपासून होतं. पण स्क्रूबॉलमधला बॉल बेसबॉलचा आहे. न्यूयॉर्क जायंट्स संघाचा डावखुरा गोलंदाज कार्ल हबेल मनगट आतल्या बाजूला पिळून चेंडू फेकायचा आणि तो कर्व्हबॉलच्या, म्हणजे नेहमीच्या वळणाऱ्या चेंडूच्या, नेमका उलट दिशेला वळायचा; या चेंडूचं नाव स्क्रूबॉल. १९३४ च्या ऑल-स्टार सामन्यात त्याने बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, अल सिमन्स आणि जो क्रोनिन या पाच दिग्गजांना ओळीने बाद केलं. वर्षानुवर्षं असं फेकून त्याचा डावा हात कायमचा पिळला गेला; हात सैल सोडला की तळवा बाहेरच्या बाजूला दिसायचा.

म्हणजे या शब्दात वेड आहेच, शिवाय अपेक्षेच्या उलट वळणंही आहे. आपल्याकडे या चेंडूचा जवळचा नातेवाईक गुगली. फरक एवढाच की गुगली टप्पा पडल्यावर फिरते, स्क्रूबॉल हवेतच. पण मराठीत 'गुगली टाकणे' म्हणजे समोरच्याची दांडी उडवणारा प्रश्न किंवा डावपेच असा अर्थ आता पक्का झाला आहे, त्यामुळे तो शब्द इथे उपयोगाचा नाही.

१९३६ मध्ये 'माय मॅन गॉडफ्री' आला तेव्हा 'व्हरायटी' या अमेरिकी मनोरंजन-व्यवसायाच्या नियतकालिकातल्या परीक्षणात 'स्क्रूबॉल' हे विशेषण कॅरोल लोम्बार्डने रंगवलेल्या नायिकेला लावलेलं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शब्द आधी माणसाला चिकटला, चित्रप्रकाराला नंतर. आणि 'फार्स' इथेच कमी पडतो. बबन प्रभूंमुळे फार्स म्हटलं की आपल्याला काय आठवतं? थापेवर थापा, लपवाछपवी, चुकलेली ओळख. तिथे माणसं बऱ्यापैकी साधी असतात आणि प्रसंग त्यांना पिळून काढतो. स्क्रूबॉलमध्ये प्रसंग साधा असतो, त्याला वाकडं वळण देते ती व्यक्ती, आणि बहुतेक वेळा ती व्यक्ती म्हणजे नायिका.

हॉवर्ड हॉक्सच्या १९३८ च्या 'ब्रिंगिंग अप बेबी'मधलं गोल्फचं मैदान बघा. कॅथरिन हेपबर्न कॅरी ग्रँटचा चेंडू स्वतःचा समजून टोलवते. तो खूण दाखवतो, समजावतो, तिच्या मागे धावतो. ती शांतपणे खेळत राहते. मग ती त्याचीच गाडी आपली म्हणून चालवायला लागते. इथे कोणी लपलेलं नाही, कोणी थाप मारलेली नाही. फक्त तिचं तर्कशास्त्र निराळं आहे आणि त्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. चित्रपट संपेस्तोवर तो शिस्तीचा जीवाश्मशास्त्रज्ञ तिच्याच वाटेला लागलेला असतो. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे अंमलात आल्यावर प्रणय उघड दाखवणं अवघड झालं होतं. अशा चित्रपटांत तो या वादावादीतूनच फुलतो.

मग मराठीत काय म्हणावं? पात्रासाठी माझी पसंती 'चक्रम'ला. 'वेडपट' नको, त्यात मूर्खपणा येतो आणि या बायका मूर्ख मुळीच नाहीत. 'तऱ्हेवाईक' चालेल, पण त्यात बघणाऱ्याची नापसंती डोकावते. 'विक्षिप्त' मात्र विचार करण्याजोगा शब्द आहे. संस्कृत 'क्षिप्' म्हणजे फेकणे; 'प्रक्षेपण', 'आक्षेप' हे त्याच धातूचे. फेकलेल्या चेंडूवरून आलेल्या शब्दासाठी फेकण्याच्याच धातूतून आलेला शब्द मिळतो, हे सुखद आहे. अडचण इतकीच की बोलण्यात 'विक्षिप्त' म्हटलं की तुसडा, एककल्ली म्हातारा डोळ्यांपुढे येतो, प्रेमात पडावी अशी तरुणी नाही.

चित्रप्रकाराचं नाव म्हणून 'स्क्रूबॉल' देवनागरीत तसंच ठेवावं आणि पुढे 'विनोदपट' जोडावं: 'हा स्क्रूबॉल विनोदपट आहे, त्यातली नायिका चक्रम आहे.' 'फार्स' शब्द ज्या चित्रपटात दारामागे खरोखर कोणी लपलेलं असेल त्याच्यासाठी राखून ठेवावा.