मँगनीजला दिशा कोण देतं?

प्रश्न : मी एम.एस्सी.ला आहे. मँगनीज घातलेल्या अर्धवाहकांबद्दल वाचताना गोंधळले. एका ठिकाणी लिहिलंय, थरावर बाजूंनी दाब असला की चुंबकन (थराच्या चुंबकपणाची दिशा) उभं, म्हणजे थराला काटकोनात राहतं. दुसरीकडे, तसाच दाब असलेल्या गॅलियम मँगनीज आर्सेनाइडच्या थरात ते आडवं, थराच्या पातळीतच असतं. खरं काय?
– एक विद्यार्थिनी, मुलुंड, मुंबई

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि तुम्ही अगदी मोक्याच्या जागी अडलात याचा मला आनंद झाला.

आधी मँगनीजवरचा आळ काढून टाका. त्याच्या डी कक्षकांत पाच इलेक्ट्रॉन, एकूण स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगचा कोनीय संवेग) ५/२, पण कक्षेत फिरण्याचा कोनीय संवेग शून्य. म्हणजे त्याला स्वतःला सगळ्या दिशा जवळजवळ सारख्याच. दिशा ठरवतात ती होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा.

होल राहतात पी कक्षकांत, आणि तिथे स्पिन कक्षेला घट्ट बांधलेला असतो. होल दोन प्रकारची, जड आणि हलकी. बाजूंनी दाबलेल्या, काही नॅनोमीटर रुंदीच्या क्वांटम वेलमध्ये (होलना कोंडून ठेवणाऱ्या पातळ थरात) सगळ्यात कमी ऊर्जा लागते ती जड होलला, आणि त्याची कक्षा थराच्या पातळीतच गरगरते. गिरगावच्या आमच्या चाळीत आजीचं जातं होतं. दगड आडवा फिरे, आस मात्र उभा. वर्गात मी वर्षानुवर्षं हेच सांगत आलो : कक्षा आडवी, म्हणून कोनीय संवेग उभा, आणि त्याला बांधलेला स्पिनही उभा. जड होलचा स्पिन उभ्या दिशेला १/२, आडव्या दिशेला शून्य! मँगनीजचा स्पिन होलच्या स्पिनशी जोडलेला, मग मँगनीजही उभं राहतं. १९९७ साली कॅडमियम मँगनीज टेल्युराइडच्या वेलमध्ये २ केल्विनच्या आसपास अशी लोहचुंबकता दिसली. होल पुरवणारा नायट्रोजन वेलच्या बाहेर, शेजारच्या थरात घातला होता. वेल बाजूंनी ताणली की सगळ्यात कमी ऊर्जा हलक्या होलला लागते. त्याचा स्पिन आडवा १/३, उभा १/६. चुंबकन आडवं होतं.

आता तुमचा दुसरा थर. गॅलियम आर्सेनाइडवर वाढवला की तो दाबाखालीच असतो, पण त्यात होल बेसुमार, घनसेंटिमीटरला १०²⁰च्या घरात. ती एकट्या जड होलच्या ऊर्जापट्ट्यात मावत नाहीत. बाकीचे पट्टेही भरतात आणि बेरजेत पारडं आडव्या दिशेकडे झुकतं. त्याच जातीच्या थरात होल कमी ठेवली, तापमान पुरेसं खाली नेलं, की चुंबकन पुन्हा उभं!

ज्या दोन ठिकाणी तुम्ही हे वाचलंत, तिथे होलची घनता किती दिलीय ते शोधा आणि समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. ती न बघता नुसत्या दाबावरून दिशा सांगू नका, परीक्षेतसुद्धा.