फरशी उखडण्याआधी पुरावा गोळा करा

प्रश्न : बेडरूमची जुनी फरशी काढून नवीन व्हिट्रिफाइड टाइल बसवून घेतल्या. टाइल मी आणल्या. सिमेंट, वाळू आणि मजुरी ठेकेदाराची. लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं. काही महिन्यांतच मधल्या टाइल फुगून वर आल्या आणि सासूबाई ठेचकाळून पडल्या. ठेकेदार म्हणतो, ‘इमारतच जुनी आहे, मी काय करू?’ वर राहिलेल्या पैशांसाठी तगादा लावतोय. दुसऱ्या मिस्त्रीकडून लगेच सगळं उखडून घेऊ का?

उत्तर : ताई, उखडावं तर लागेलच, पण आजच्या आज नको. तुमची सगळी केस त्या टाइलच्या खाली आहे. मलबा गोण्यांत भरून एकदा बाहेर गेला, की ‘काम चोख होतं, यांनीच तोडलं’ असं म्हणायला ठेकेदार मोकळा. आधी सासूबाईंची सोय दुसऱ्या खोलीत करा आणि ही खोली बंद ठेवा. त्यांना डॉक्टरकडे नेलं असेल तर ते कागद जपा. भरपाईत तो खर्चही मागता येतो.

आता पुराव्याचं. प्रत्येक टाइलवर नाणं ठोकत सलग व्हिडिओ काढा, पोकळ आवाज स्पष्ट ऐकू येऊ द्या. जिथे पोकळ वाजतं तिथे खडूने खूण करून फोटो घ्या. मग ठेकेदाराला दिवस आणि वेळ लेखी कळवून बोलवा. तो आला नाही तरी स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरसमोर दोन-तीन टाइल उचला. टाइलची मागची बाजू कोरी निघाली किंवा नुसते चार कोपऱ्यांना आणि मध्ये सिमेंटचे गोळे दिसले, तर माल सगळीकडे पसरलाच नव्हता हे उघड होतं. भिंतीलगत फट सोडली होती का, तेही पाहायला सांगा. जागाच सोडली नसेल तर टाइल एकमेकींना रेटून वर उचलल्या जातात. इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या आणि त्या टाइल तशाच जपून ठेवा. ‘इमारत जुनी’ या सबबीला खरं उत्तर हा अहवालच देईल. शिवाय इमारत जुनी आहे हे काम घेताना त्याला दिसतच होतं.

लेखी करार नाही म्हणून घाबरू नका. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, आणि तुमच्याकडे तर मेसेज व पैसे दिल्याच्या नोंदी आहेत. फक्त तो फोन बदलू नका आणि चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे चॅट पुरावा म्हणून देताना त्यासोबत, ते कोणत्या फोनमधून कसं घेतलं हे सांगणारं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : काम नव्याने करून द्या, नाहीतर खर्च भरा. मुदत उलटली की खुशाल दुसऱ्याकडून करून घ्या आणि बिलं ठेवा. खोली वर्षभर तशीच ठेवून भरपाईचा आकडा वाढवू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी तुम्ही काय केलं, हेही पाहिलं जातं.

दाद मागायची ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि कामासाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती नेमकी कधीपासून मोजायची यावर वाद होतात, म्हणून काम संपल्याच्या तारखेपासून धरा. टाइलच वाकड्या होत्या असं ठेकेदार लेखी म्हणाला, तर दुकानदारालाही पक्षकार करा. एरवी त्याला ओढू नका, प्रकरण उगाच लांबतं.

राहिलेले पैसे सध्या देऊ नका, मात्र का थांबवले ते नोटिशीत लिहा. आणि तो ‘फटी भरून देतो, समाधानाच्या कागदावर सही करा’ म्हणाला, तर सही अजिबात करू नका.