फ्रेंच चित्रकार मोनेच्या 'द मॅगपाय' चित्रात बर्फावरच्या सावल्या निळ्या का आहेत? मला असं दृश्य रंगवायचंय, सावलीसाठी कोणता राखाडी घेऊ?

कुठलाच नको. बर्फाला स्वतःचा असा रंग नसतो, पडेल तो प्रकाश तो परत फेकतो. ऊन जिथे अडतं तिथे उरतो आकाशाचा प्रकाश, आणि तो निळा. मोनेने मनचं काही घातलेलं नाही.

'कोणता राखाडी' वाचलं आणि शाळेतले ड्रॉइंगचे सर आठवले. इंटरमिजिएट परीक्षेची तयारी चालू होती. आम्ही पालघरकडचे, बर्फ कुठून बघणार? मी मिठागरातले मिठाचे ढीग काढले आणि सावलीच्या अंगाला कोबाल्ट ब्लूचा पातळ वॉश दिला. तिथे मला निळंच दिसायचं. सरांनी माझाच ब्रश काळ्यात बुडवला आणि सगळ्या वर्गादेखत ती बाजू राखाडी करून टाकली. कागद अजून ओला होता. खालचा निळा काळ्यात उतरला, कडेने ओघळ आले आणि मिठाचा पार सिमेंटचा ढीग झाला. वर म्हणाले, "सावलीला कसला आलाय रंग?"

मोनेने हे चित्र 1868-69च्या हिवाळ्यात, नॉर्मंडीतल्या एत्रताजवळ केलं. ऊन समोरून येतं, त्यामुळे कुंपणाची सावली आपल्याच दिशेने पसरते, निळी-जांभळी. फाटकावर तो काळा पक्षी, म्हणजे नावातला मॅगपाय, बसलाय म्हणून भोवतालचा पांढरा आणखी उजळतो. एवढं असून 1869च्या सलोंच्या, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनाच्या, ज्युरीने ते नाकारलं. आमचे सर तिथेही बसले असावेत! आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ओर्सेकडे ते आलं 1984मध्ये, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी.

तेव्हा काळ्याची ट्यूब आधी खोक्यात टाका. कोबाल्ट किंवा अल्ट्रामरीन घ्या, त्यात किंचित लाल, आणि उन्हाच्या बाजूला पांढऱ्यात पिवळ्याचा नुसता स्पर्श. हो, हे सगळं निरभ्र दिवसाचं. आभाळ भरलेलं असेल तर सावल्या पुसट होतात, करड्या दिसतात. मोनेचंच ओनफ्लरच्या बर्फाळ रस्त्यावरच्या बैलगाडीसारख्या गाडीचं चित्र बघा, ते बरंच करडं आहे. पण सर ढगाळ हवेबद्दल बोलत नव्हते.

क्लासमध्ये कुणी सावली काळीच असते म्हणालं, तर दुपारी पांढरा कागद उन्हात धरा आणि त्यावर पेन्सिल उभी करा. मी सरांना म्हटलं होतं, मैदानात चला, दाखवतो. त्यांनी मला एकट्यालाच मैदानात पाठवलं, तास संपेपर्यंत.