पॉवर ऑटोमेटमध्ये (कामं आपोआप करून देणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) पार्स जेसन, म्हणजे जेसन या मजकुरी स्वरूपातला डेटा उलगडणारी पायरी, कधी चालतं, कधी अडकतं. जेसनमधून हवी तेवढीच माहिती खात्रीने कशी काढायची?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑनलाइन दुकानाच्या एपीआयकडून (दुसऱ्या प्रणालीला डेटा देणारा दुवा) ऑर्डर येते, त्यातलं ग्राहकाचं नाव, मोबाइल आणि वस्तूंची यादी एक्सेलच्या टेबलात न्यायची आहे. चाचणीत फ्लो (पायऱ्यांची साखळी) नीट चालला, आता मात्र मधूनच पार्स जेसनवर थांबतो आणि ‘इन्व्हॅलिड टाइप, एक्स्पेक्टेड स्ट्रिंग बट गॉट नल’ (स्ट्रिंग म्हणजे मजकूर हवा होता, नल म्हणजे काहीच नाही असं मिळालं) असं दाखवतो. (खाली सूत्रं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टूलमध्ये ती रोमन अक्षरांत टाका.)

दोष आलेल्या डेटात नाही, स्कीमात (डेटा कसा असावा याच्या आराखड्यात) आहे. ‘जनरेट फ्रॉम सॅम्पल’ला तुम्ही एकच ऑर्डर दिलीत. तिच्यात मोबाइल नंबर होता, म्हणून स्कीमात मोबाइलचा प्रकार स्ट्रिंग असा कायमचा लिहिला गेला. नंबर न देणारा पहिला ग्राहक आला की तिथे नल येतो आणि तपासणी फसते. किमतीचंही तेच. नमुन्यात ४५० असेल तर प्रकार इंटिजर (पूर्णांक) ठरतो, मग ४५०.५० आले की फ्लो पडतो. शिवाय ॲरेच्या (जेसनमधल्या यादीच्या) आतल्या वस्तूंसाठी ‘रिक्वायर्ड’ नावाची यादी आपोआप तयार होते आणि नमुन्यात दिसलेलं प्रत्येक फील्ड तिच्यात जातं. पुढे एखाद्या वस्तूला डिस्काउंट हे फील्डच नसेल, तर ‘रिक्वायर्ड प्रॉपर्टीज आर मिसिंग’ हा एरर येतो.

आधी रन हिस्टरीतला (फ्लो आधी कधी-कसा चालला याच्या नोंदीतला) फसलेला रन उघडा आणि पार्स जेसनचं आउटपुट वाचा. त्यात ‘पाथ’ आणि ‘व्हॅल्यू’ दिलेले असतात, म्हणजे नेमकं कुठलं फील्ड अडलं आणि तिथे काय आलं होतं ते कळतं. मग स्कीमात हे बदल करा. पैसे, वजन, टक्के जिथे असतील तिथे इंटिजर काढून नंबर लिहा. वस्तूंच्या आतली रिक्वायर्डची यादी काढून टाका. ती पुसताना तिच्या आधीचा स्वल्पविराम राहिला तर स्कीमाच अवैध होतो, बऱ्याच जणांचा वेळ इथेच जातो. जे फील्ड रिकामं येऊ शकतं, त्याच्या प्रकारात स्ट्रिंग आणि नल अशी दोन्ही नावं चौकोनी कंसात द्या. असं केल्यावर ते फील्ड डायनॅमिक कंटेंटच्या यादीत (आधीच्या पायऱ्यांतली फील्डं जिथून निवडता येतात) दिसेनासं झालं, तर प्रकाराची ओळच काढा आणि नुसते रिकामे महिरपी कंस ठेवा. मग तपासणी काहीही स्वीकारते.

पण माझं स्पष्ट मत असं की तीन-चार फील्डांसाठी पार्स जेसन लागतच नाही. ते प्रामुख्याने यादीतून फील्ड निवडायची सोय देतं. थेट सूत्र लिहिलंत तर स्कीमा सांभाळायची जबाबदारीच उरत नाही:

बॉडी('एचटीटीपी')?['कस्टमर']?['नेम']

यातलं प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. ते नसेल आणि कस्टमर हे फील्ड आलंच नाही, तर ‘प्रॉपर्टी डझन्ट एक्झिस्ट’ म्हणून फ्लो थांबतो. ते असेल तर फक्त नल मिळतो. म्हणून प्रत्येक पायरीवर प्रश्नचिन्ह द्या, शेवटच्या एकाच जागी देऊन भागत नाही. नलऐवजी काहीतरी लिहायचं असेल तर कोअलेस (नल नसलेली पहिली व्हॅल्यू देणारं फंक्शन) वापरा:

कोअलेस(बॉडी('एचटीटीपी')?['कस्टमर']?['मोबाइल'], 'दिला नाही')

मात्र कोअलेस फक्त नल पकडतं. एपीआयने रिकामी स्ट्रिंग पाठवली तर ती तशीच पुढे जाते. तिच्यासाठी इफ आणि एम्प्टी जोडून वापरा. ॲक्शनच्या (फ्लोमधल्या पायरीच्या) नावात मोकळी जागा असेल तर सूत्रात तिथे अंडरस्कोअर येतो.

आता वस्तूंची यादी. डायनॅमिक कंटेंटमधून वस्तूचं नाव निवडलंत की ‘अप्लाय टू ईच’ (प्रत्येक वस्तूसाठी एकेकदा फिरणारा लूप) आपोआप भोवती येतं. यादीतली एकच वस्तू हवी असेल तर त्याची गरज नाही, फर्स्ट() पुरतं. सगळ्या वस्तू एकाच सेलमध्ये हव्या असतील तर आधी ‘सिलेक्ट’ घ्या. फ्रॉममध्ये वस्तूंचा ॲरे द्या, मॅप टेक्स्ट मोडला न्या, त्यात आयटम()?['नेम'] लिहा आणि पुढे ‘जॉइन’ने स्वल्पविरामाने जोडा. लूप नाही, व्हेरिएबल नाही, आणि शंभर वस्तू असल्या तरी दोनच ॲक्शन. एका वस्तूला एक ओळ हवी असेल तर मात्र ‘अप्लाय टू ईच’ आणि आत ‘ॲड अ रो’ हवंच. तिथे कन्करन्सी (लूपच्या अनेक फेऱ्या एकाच वेळी चालवणं) बंदच ठेवा. एकाच एक्सेल फाइलवर समांतर लिहायला गेलात तर फाइल लॉक होण्याचे एरर येतात. सिलेक्टच्या आत आयटम() चालतं. लूपमध्ये लूप असेल तेव्हा आयटम्स('लूपचं_नाव') असं नावानिशी लिहा, म्हणजे कुठल्या लूपमधली वस्तू ते ठरतं.

ऑर्डरमध्ये वस्तूंच्या जागी ॲरेऐवजी नल आला, तर लूप ‘मस्ट बी अ व्हॅलिड ॲरे’ म्हणून फसतो. लूपला ॲरे देता त्या जागी कोअलेस लावून दुसरी व्हॅल्यू जेसन('[]'), म्हणजे रिकामा ॲरे, द्या. मग लूप शून्य वेळा फिरतो आणि पुढे जातो.

‘प्रॉपर्टी सिलेक्शन इज नॉट सपोर्टेड ऑन व्हॅल्यूज ऑफ टाइप स्ट्रिंग’ हा एरर दिसला, तर हातात ऑब्जेक्ट (फील्डं असलेला उलगडलेला डेटा) नाही, जेसनसारखा दिसणारा मजकूर आहे. कच्च्या आउटपुटमध्ये अवतरणांआधी उलट्या तिरक्या रेघा दिसतात, हीच त्याची खूण. तो मजकूर जेसन() मध्ये घाला, मग आतली नावं मिळतात. बॉडीत ‘डॉलर कंटेंट’ नावाखाली अगम्य अक्षरांची लांब माळ आली असेल, तर ती बेस६४ (डेटा अक्षरांच्या संकेतात लिहायची पद्धत) आहे. सर्व्हरने कंटेंट टाइप जेसन असा सांगितलेला नसला की असं होतं. आधी बेस६४टूस्ट्रिंग, मग जेसन().

तारखेच्या शेवटी झेड असेल तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. रात्री दोनची ऑर्डर त्यामुळे आदल्या दिवशी नोंदली जाते. कन्व्हर्ट टाइम झोन वापरून ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ द्या. फॉरमॅटमध्ये महिन्यासाठी कॅपिटल एम लिहा, लहान एम म्हणजे मिनिटं.

ऑर्डर क्रमांक लांबलचक असेल तर एक गोष्ट आत्ताच तपासा. एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक ठेवतं, त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्य येतं. त्या कॉलमचा फॉरमॅट आधीच टेक्स्ट करा आणि ‘ॲड अ रो’मध्ये ऑर्डर क्रमांकाच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह टाका.