नव्या गाडीचे ब्रेक पॅड आणि जॉब कार्डावरची एक ओळ

आपण मांडलेली तक्रार जवळजवळ शब्दशः माझीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गाडी सहा महिन्यांची, धाव ६,४०० किलोमीटर; पुढच्या अलॉय चाकांवर आठवड्याभरात काळी पूड साचते; पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर होते; पाचगणीहून पसरणी घाट उतरताना पेडल मऊ लागते; आणि ओळखीचे गॅरेजवाले सांगतात की कंपनीचे पॅड काढून बाजारातले सिरॅमिक, म्हणजे कमी पूड पाडणारे म्हणून विकले जाणारे, पॅड टाका, सगळे मिटेल. तर टाकावेत का, आणि वॉरंटीचे काय होईल, असे आपण विचारले आहे. मी अभियंता नाही आणि मेकॅनिकही नाही. चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने पॅड बदललेला आणि एकदा चांगलाच पोळलेला एक गाडीमालक आहे, एवढेच. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत याहून वेगळे काही लिहिले असेल तर पुस्तिकेचे ऐकावे. चाक कसे उतरवायचे, स्टँड कुठे लावायचा, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच का बदलायचे, हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या तीन तक्रारींपैकी दोन तक्रारी नव्हेतच, आणि तिसरी तक्रार नवे पॅड टाकून झाकण्याची नाही. चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात ती डिस्क बिडाची असते. पावसाळ्यात ओली गाडी रात्रभर उभी राहिली की तिच्यावर गंजाचा पातळ थर धरतो आणि सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक तो खरवडून काढतात. खरखर तेवढ्यापुरतीच असेल, तर पॅड निर्दोष आहेत. काळी पूड म्हणजे झिजणाऱ्या पॅडचा आणि डिस्कचा भुगा. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर पडतो, म्हणून ती तिथेच जास्त दिसते. पॅडमध्ये धातूचे प्रमाण जास्त असेल तर पूडही जास्त पडते, आणि असे पॅड बहुधा पकडही चांगली देतात. पूड नको म्हणून पकड सोडणे हा सौदा मला पटत नाही. आठवड्यातून एकदा चाके धुवावीत, फक्त घाट उतरून आल्याआल्या तापलेल्या डिस्कवर पाण्याची नळी धरू नये.

मऊ पेडलची गोष्ट वेगळी आहे. घाटात खालच्या गिअरऐवजी ब्रेकवरच पाय ठेवून उतरले, तर पॅड तापून पकड ढिली होते, ब्रेक ऑइल फार तापले तर पेडलही मऊ लागते, आणि त्याला उपाय दुसऱ्या गिअरचा. मात्र सपाट रस्त्यावर, थंड गाडीतही पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर ब्रेक ऑइलच्या नळ्यांत हवा असण्याचा संशय घ्यावा. सहा महिन्यांच्या गाडीत तो दोष सर्व्हिस सेंटरने फुकट दुरुस्त करायचा आहे. ती तक्रार मूळ पॅड जागेवर असतानाच नोंदवावी. एकदा का बाहेरचे पॅड बसले, की पेडल मऊ का लागते या प्रश्नाचे उत्तर काउंटरपलीकडच्या माणसाला फार सोपे होते. कसे, ते आता सांगतो.

माझी गाडी २०१७ च्या दसऱ्याची. मे २०१८ मध्ये, साधारण ७,००० किलोमीटरला, वरंध घाटाने कोकणात उतरायचे ठरले होते आणि पूड व खरखर यांनी मी आधीच वैतागलो होतो. नाना पेठेतून २,८०० रुपयांना पुढच्या चाकांचे सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) पॅड घेतले, तेही कच्च्या पावतीवर. फिटरने पाऊण तासात बसवून दिले. काढलेल्या पॅडवर अजून नऊएक मिलिमीटर माल शिल्लक होता, म्हणजे ते निम्मेसुद्धा झिजले नव्हते. फिटरने विचारले, ‘हे नेताय का?’ मी नको म्हणालो आणि त्याने ते भंगाराच्या डब्यात टाकले. डब्यात पडताना झालेला तो आवाज मला अजून आठवतो, कारण पुढे त्या दोन जोड्यांची किंमत मला कळली.

ऑगस्टमध्ये डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. मागच्या डाव्या चाकाजवळचा वेग मोजणारा सेन्सर गेला होता. बदल केला होता तो पुढच्या पॅडमध्ये, बिघडला होता मागचा सेन्सर, आणि पॅडचा सेन्सरशी काहीही संबंध नव्हता. सर्व्हिस सेंटरमध्ये सकाळी साडेनऊची गर्दी होती आणि मला कचेरी गाठायची होती. गाडी ताब्यात घेणाऱ्या ॲडव्हायझरने गाडीभोवती फेरी मारली, पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च टाकून आत पाहिले, टॅबवर काहीतरी टिपले आणि जॉब कार्ड, म्हणजे गाडीची स्थिती आणि करायचे काम लिहिलेला कागद, माझ्यापुढे सरकवले. मी सही केली. किलोमीटर, इंधनाचा काटा, स्टेपनी, जॅक, डाव्या दाराचा ओरखडा एवढे पाहून केली. शेऱ्यांच्या चौकटीत बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती: ‘नॉन-जेन्युइन ब्रेक पार्ट्स ऑब्झर्व्ड, कस्टमर इन्फॉर्म्ड.’ म्हणजे ब्रेकचे भाग कंपनीचे नाहीत, आणि तसे ग्राहकाला कळवले आहे. ती मी संध्याकाळी वाचली, वॉरंटीत काम होणार नाही असा फोन आल्यावर. मला कुणीही काहीही कळवलेले नव्हते, पण मला कळवल्याचे लिहिलेल्या कागदावर खाली माझीच सही होती.

सेन्सर आणि मजुरी मिळून साडेसहा हजार गेले. माणूस तेवढे सोसतो. खरा फटका पुढे बसला. ती ओळ कागदावर राहिली नाही, ती गाडीच्या नोंदीत गेली. नंतर ज्या ज्या सेंटरला गाडी नेली, तिथल्या पडद्यावर ती आधी उघडत होती. वर्षभराने वाढीव वॉरंटी घ्यायला गेलो, तर याच शेऱ्यावर बोट ठेवून अर्ज फेटाळला. आणि २०२१ च्या जानेवारीत स्टिअरिंगच्या मोटारीने मान टाकली तेव्हा ४३,००० रुपये माझ्या खिशातून गेले. वाढीव वॉरंटी असती तर त्यातला एक रुपयाही मला द्यावा लागला नसता. माझ्या नशिबातले २,८०० चे पॅड असे पन्नास हजारांना पडले.

मधल्या काळात कंपनीच्या ग्राहक-सेवा कार्यालयाशी जो व्यवहार झाला, त्याची आठवण काढली तरी रक्तदाब वाढतो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण पलीकडे दर वेळी नवा माणूस असे आणि दर वेळी मला पहिल्यापासून सगळे सांगावे लागे. मी विचारायचो की पुढच्या पॅडमुळे मागचा सेन्सर कसा बिघडतो. उत्तर यायचे की आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. चौथ्या आठवड्यात मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या. अखेर एक अधिकारी भेटले, बोलायला सज्जन. ते म्हणाले, मूळ पॅड आणि बदलल्याचे पक्के बिल आणा, मी शेरा काढून टाकण्याचे बघतो. मूळ पॅड भंगारात गेले होते आणि बिल म्हणून माझ्याकडे वहीचा फाडलेला कागद होता, त्यावर फक्त ‘पॅड – २८००’.

आणखी एक चूक केली. नकार कधीही लेखी मागितला नाही. सगळे फोनवर. ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मी ‘साहेब बघतो म्हणालेत’ या आशेवर बसून राहिलो आणि स्टिअरिंग गेले तोवर पहिल्या नकाराला दोन वर्षे उलटून गेली होती. आपल्यावर वेळ आलीच तर त्याच दिवशी ईमेल टाकावा: कोणता भाग, कोणत्या कारणाने नाकारला, वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. तिथे तक्रार नोंदवली की निदान तारखेचा एक पुरावा तयार होतो.

कायद्याबद्दल दोन शब्द, मी वकील नाही हे धरूनच. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला, आणि बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नये, असेही बजावले. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या, तेव्हा हा आदेश काउंटरवर आपटला की काम होईल अशा भ्रमात राहू नये. बाहेरच्या पॅडने डिस्कला चरे पाडले तर कंपनी डिस्क देणार नाही, आणि ते रास्तच आहे. पॅड हा मुळात झिजणारा भाग असल्यामुळे त्याला वॉरंटी जवळपास नसतेच. वाद होतो तो ज्या भागांचा पॅडशी संबंध नाही त्यांच्यावरून, आणि संबंध नाही हे कागदाशिवाय सिद्ध होत नाही.

एवढे वाचूनही बदलायचेच असतील, तर माझ्या मते मूळ पॅड तीन-चार मिलिमीटरवर येईपर्यंत थांबावे. थांबायचे नसेल तर काढलेले पॅड कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) क्लिपा आणि शिम (पॅडच्या पाठीचे पातळ पत्रे) यांसकट वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणता डावा आणि कोणता उजवा हे लिहून माळ्यावर ठेवावेत. पार्ट नंबर आणि तारीख असलेले जीएसटीचे बिल घ्यावे. काम चालू असताना जुन्या आणि नव्या पॅडचा शेजारी-शेजारी फोटो काढावा, त्यात ओडोमीटरही येऊ द्यावा. आणि पुढे जॉब कार्डावर सही करताना शेऱ्यांची चौकट आधी वाचावी. न पटणारी ओळ असेल तर ‘अमान्य’ असे स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी. टॅबवर सही घेत असतील तर आधी छापील प्रत मागावी. मागे रांग लागली तर लागू द्यावी.

पॅड निवडताना खोक्यावरच्या ‘सिरॅमिक’ या शब्दाला भुलू नये. तो छापायला कुणाची परवानगी लागत नाही. पॅडच्या पाठीच्या पत्र्यावर किंवा मालाच्या कडेला एक लांब क्रमांक असतो आणि बहुधा त्याच्या शेवटी इंग्रजी दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर कमी तापमानातले घर्षण सांगते, दुसरे तापल्यावरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक (पकडीचे माप) ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाटात जाणाऱ्याने दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असलेला पॅड, उदाहरणार्थ ‘एफई’, घेऊ नये. मूळ पॅडवर जी अक्षरे असतील तीच किंवा त्यांच्या जवळची बरी, कारण फक्त पुढचीच पकड फार वाढवली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल ढळतो. युरोपातल्या आर ९० नियमाचा शिक्का असेल तर उत्तम. त्या चाचणीत बदली पॅडची कामगिरी मूळच्या १५ टक्क्यांच्या आत-बाहेर असावी लागते. नामांकित कंपन्यांची नक्कल बाजारात भरपूर आहे, म्हणून दुकान ओळखीचे आणि बिल देणारे असावे.

बसवताना दोनच गोष्टींवर लक्ष ठेवावे. पिस्टन, म्हणजे पॅड ढकलणारा दट्ट्या, मागे दाबला की टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते आणि सांडले तर रंग खाते. हँडब्रेक बटणाचा असेल, तर मागचा पिस्टन गाडीला जोडायच्या स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीच्या स्थितीत) घेतल्याशिवाय ढकलू देऊ नये. जबरदस्ती केली तर आतली मोटार जाते, आणि मग शेरा लिहायला खरेच कारण मिळते. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवून पॅड डिस्कवर नीट बसू द्यावेत. मी नाना पेठेतून थेट सिग्नलच्या गर्दीत शिरलो होतो आणि पुढे दोन महिने स्टिअरिंग थरथरत होते.

या रविवारी पुढचे एक चाक उतरवून पॅडची जाडी मोजावी आणि कडेची दोन अक्षरे इथे कळवावीत. पेडलबद्दल सर्व्हिस सेंटरला ईमेल मात्र त्याआधी टाकावा.